लहान खूण, हेतू अज्ञात

खोकं उघडलं की आधी धूळ निघते, मग एखादा किस्सा. ब्रिस्टलच्या एका म्युझियमच्या तळघरात आम्ही चार वर्षं दर मंगळवारी बसलो. तेवढ्यात किस्से इतके साठले, की आता ते सांगून टाकलेले बरे. पोटात ठेवून बी.पी. वाढतं.

काम असं होतं. साहेबाच्या राज्यात अरबस्तानातल्या एडन बंदराच्या मागच्या वाळवंटावर विमानं फिरवून नकाशांसाठी फोटो काढले होते. ते ओळखायचे आणि खाली लावायची माहितीची कार्डं लिहायची. पुढे प्रदर्शन भरणार होतं. टेबलाला आम्ही चौघं. प्रमुख डॉक्टर क्लेअर, वय तीस. हॅरॉल्ड, ती विमानं चालवलेला म्हातारा पायलट, नव्वदीला टेकलेला. माझा मित्र सॅम्युएल पेणकर, मुंबईचा ज्यू, या गावात माझ्याशी मराठीत भांडणारा एकमेव माणूस. आणि मी. मी त्या वाळवंटात होतो, पण खाली. आमची टोळी जमिनीवर चुन्याची मोठी फुली आखायची. विमान ती फुली धरून फोटो घ्यायचं.

मी जायचो ते एका फोटोसाठी. माझ्या गावचा धोंडू आमच्या टोळीत होता. तिथेच तापाने गेला. त्याचा जगात एकच फोटो आहे आणि तो याच खोक्यांत कुठेतरी होता.

*

पहिल्याच मंगळवारी क्लेअरने माझ्यासमोर पांढरे हातमोजे ठेवले.

"मिस्टर शिंदे, फोटो फार नाजूक आहेत. उघड्या हाताने धरू नका हं."

मी म्हटलं, "बाई, या फिल्म आम्हीच धुतल्या आहेत. माणशी दोन बाटल्या पाणी मिळायचं. त्यातली एक फिल्मला जायची. फिल्म भिजली, आम्ही कोरडे राहिलो!"

ती म्हणाली, "हाऊ इंटरेस्टिंग!" आणि हातमोजे आणखी पुढे सरकवले.

*

मग फॉर्म आला. त्यात शिक्षणाचा रकाना होता. मी लिहिलं, "चौथी पास." खोटं का लिहू?

पुढच्या आठवड्यात गळ्यात घालायची कार्डं आली. हॅरॉल्डच्या कार्डावर 'एक्स्पर्ट'. माझ्या कार्डावर 'कम्युनिटी मेंबर'.

"कोणती कम्युनिटी?" मी विचारलं.

क्लेअर गोंधळली. सॅम्युएल म्हणाला, "अरे शिंदे, उगी राहा. माझ्या कार्डावर पण तेच आहे. तू आणि मी मिळून एक कम्युनिटी!"

मी ते कार्ड चार वर्षं उलटं घातलं.

*

एकदा युनिव्हर्सिटीतले एक प्रोफेसर आले. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा, ओळीने बारा टेकाडं. प्राचीन थडगी असणार!" क्लेअर भराभरा लिहून घ्यायला लागली.

विमानातून काढलेला फोटो धरायची एक रीत असते. सावली आपल्या पोटाकडे यायला पाहिजे. उलटा धरला तर खड्डा टेकडीसारखा दिसतो. आम्हाला हे फिल्म धुणाऱ्या हवालदाराने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. प्रोफेसरांना कोणी शिकवलं नसावं.

मी उठलो आणि फोटो फिरवून ठेवला. टेकाडांचे खड्डे झाले.

"साहेब, यातले दोन मी खणलेत."

"अरे वा! कोणाला पुरलं होतं?"

"पुरलं कोणाला नाही. रोज सकाळी बसायला जात होतो!"

सॅम्युएलला ठसका लागला. प्रोफेसर चहाला न थांबता गेले.

*

हॅरॉल्ड माणूस वाईट नव्हता. पण त्याचं एक पालुपद होतं. कोणताही फोटो निघाला की म्हणायचा, "रिकामं! शेकडो मैल रिकामं! वरून एक माणूस दिसला नाही कधी!"

एका मंगळवारी माझं डोकं फिरलं.

"तुझ्या विमानाचं पेट्रोल तिथे कसं पोचत होतं रे?"

"उंटांवरून."

"आणि उंटाची दोरी कोणाच्या हातात होती? दुसऱ्या उंटाच्या?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला. तळघराला खिडकी नव्हती, नुसतीच चौकट रंगवलेली होती. पुढच्या मंगळवारी त्याने माझ्यासाठी बिस्किटांचा डबा आणला. पालुपद मात्र सोडलं नाही.

*

आता शेवटचा.

चौथ्या वर्षी तो फोटो सापडला. मोठी चुन्याची फुली, आणि बाजूला एक इवलीशी फुली. मी भिंग धरलं.

त्या दिवशी मीच धोंडूची थट्टा केली होती. त्याला आईकडे फोटो पाठवायचा होता. मी म्हटलं, "विमान फोटोच काढतं ना? उभा राहिलास तर नुसतं टक्कल दिसेल. हात पसरून आडवा पड, आई ओळखेल!" त्याने ते खरं मानलं. धोतर सोडून हातांवर पसरलं आणि वाळूत पडला. विमान डोक्यावरून जाताच उठून धावत आला. "आला असेल ना रे चांगला?"

महिन्याभरात तो गेला. आईला काहीच मिळालं नाही.

मी क्लेअरला सगळं सांगितलं. ती हळहळली. पण म्हणाली, "पुरावा हवा, मिस्टर शिंदे. ऐकीव गोष्ट कार्डावर कशी लिहू?"

"ऐकीव? मी तिथे होतो! पुढचा फोटो बघा. काही सेकंदांनंतरचा. मोठी फुली आहे, लहान नाही."

"प्रिंटमधला दोष असेल."

"दोष उठून पळतो होय?" सॅम्युएल मराठीतच ओरडला.

प्रदर्शन उघडलं. मी सूट घालून गेलो. फोटो भिंतीवर दाराएवढा मोठा करून लावला होता. कौन्सिलचे लोक हातात ग्लास घेऊन उभे होते. फोटोखाली कार्ड होतं, 'मुख्य खूण. शेजारी लहान खूण, हेतू अज्ञात.'

"शिंदे, तुझे कान लाल झालेत," सॅम्युएल म्हणाला. "घरी चल."

मी बूट काढले. कोट काढून त्याच्या हातात दिला. पांढरा शर्ट होताच. त्या फोटोसमोर, सगळ्यांच्या मधोमध, मी फरशीवर उताणा पडलो आणि दोन्ही हात पसरले.

क्लेअर धावत आली. "मिस्टर शिंदे! बरं वाटत नाही का? कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!"

मी हललो नाही.

वरच्या गॅलरीत हॅरॉल्डला खुर्ची दिली होती. तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"क्लेअर," तो वरून ओरडला, "इथून माणूस दिसतोय!"