मुकादमाची शिट्टी

आमचा मुकादम जन्मला तेव्हा रडला नसावा. त्याने सुईणीला सूचना केल्या असाव्यात. बारा वर्षं तो आमच्याबरोबर काचा वाहत होता, दुकानांच्या दर्शनी भागाला लागतात त्या, माणसाहून उंच, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेल्या. वाहण्यात बेताचाच, पण मालक आला की सगळ्यात जास्त घाम यालाच. जुना मुकादम निवृत्त झाला आणि याच्या गळ्यात माळ पडली.

दुसऱ्याच दिवशी त्या गळ्यात शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे टेकवा. घरीसुद्धा वाजवत असणार. बायको सारखी माहेरी का पळते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आमच्या कामाची एक जुनी रीत होती. काच धरणाऱ्याला आपला कोपरा तेवढा दिसतो. म्हणून काच वाहणाऱ्या आम्हा सहांपैकी कुणीही "थांब" म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. का, कशाला, हे काच टेकवल्यावर विचारायचं. तेवढ्यापुरता त्या माणसाचा शब्द मुकादमाच्याही वर.

याला ते खुपायचं. एकदा मालकासमोरच मामाने "थांब" म्हटलं. मामा आमच्यातला सगळ्यात जुना. नात्याने कुणाचाच मामा नाही, म्हणून सगळ्यांचा. काच टेकवून पाहिलं तर काहीच नव्हतं. मालक हसला. झालं, मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"यापुढे फक्त शिट्टी," तो म्हणाला. "सहा तोंडं झाली की कामाचा बाजार होतो. माझ्याशिवाय कुणी तोंड उघडलं तर त्याने उद्यापासून घरी बसायचं."

"अहो, तुमचे डोळे दोन," मामा म्हणाला. "काचेला कोपरे चार."

"मामा, मला अक्कल शिकवू नका."

शिकवली तरी ठेवशील कुठे, असं मी म्हणालो. मनातल्या मनात.

महिन्याभराने एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर काच चढवत होतो. मी वरच्या टोकाला, मामा खालच्या. जिन्याच्या वळणावर मुकादम आमच्याकडे पाठ करून फोनवर मालकाला सांगत होता, "नुसत्या इशाऱ्यावर चालतात माझी माणसं." तेवढ्यात काच पेलायला खालच्या कोपऱ्याला बांधलेला पट्टा सुटला. शिट्टी याच्या तोंडात जाईपर्यंत काच कठड्यावर आपटून फुटली होती आणि मामाच्या उजव्या मनगटात शिरली होती. टाके पडले, जखम भरली, पण दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत.

आठवड्याने मुकादम मामाच्या घरी गेला. साक्षीदार म्हणून मलाही नेलं. एका खोलीचं घर. मामीने स्टूल पुसून दिलं, आणि हा त्यावर सिंहासनावर बसावं तसा बसला. खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, पट्टा सैल होत होता, मामांनी लक्ष दिलं नाही, चूक त्यांची. म्हणजे मामाचं काम गेलं आणि हा धुतल्या तांदळासारखा.

"मी होतो म्हणून हात तरी वाचला," तो म्हणाला. "करा सही."

"कुठल्या हाताने?" मामीने विचारलं.

त्याने शाईची डबी पुढे केली. निर्लज्ज, तयारीनेच आला होता.

मामाने कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "मला काचेआडून काही दिसत नव्हतं. तू वर होतास, वरून खालचा कोपरा दिसतो. तुला पट्टा दिसला का रे?"

दिसला होता. चांगल्या तीन पायऱ्या दिसत होता. "थांब" जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं होतं. घरी बसावं लागेल या भीतीने नाही. मला वाटलं, फुटू दे, मालकाला फोनवरच ऐकू जाऊ दे, जिरू दे एकदाची याची. मामाचा हात माझ्या ध्यानातच आला नाही.

शिट्टीच्या नियमामुळे गप्प राहिलो, एवढं म्हटलं असतं तरी मामा सुटला असता. पण मग मला दिसलं होतं, हेही त्याला कळलं असतं.

"नाही दिसला," मी म्हणालो.

मामाने डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आजही मुकादमाला शिव्या घालायला आम्ही बसलो की सगळ्यात रंगात मीच येतो. लोक म्हणतात, याला मामाचा फार कळवळा.