फोटोपुरती गाडी

ब्रेक लागत नाहीत म्हणून कंपनीने हजारो गाड्या परत बोलावल्या, तेव्हापासून नेरूळच्या शोरूमकडे गिऱ्हाईक फिरकेना. वरून हुकूम आला, लोकांचा विश्वास परत आणा. तो आणायचा कुठून, म्हणून मॅनेजरने घरच्या घरीच बनवायला घेतला. सेल्समन अभिरामला त्याने बायकोला नटवून आणायला सांगितलं. मनालीने शोरूममधल्या गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अभिरामने पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून दात दाखवले, आणि ‘आणखी एक सुखी कुटुंब’ म्हणून फोटो गावभर झाला.

“गाडी आपली नाही आणि मी ओवाळून मोकळी झाले,” घरी येताना मनाली म्हणाली. “किळस आली मला.”

दुसऱ्याच दिवशी सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीतले दिलीपकाका अभिनंदन करायला हजर. “तू आतला माणूस. तू घेतलीस म्हणजे गाडी सुधारली असणार. मीपण बुक करतो.”

अभिरामने त्यांना बाजूला घेतलं. “काका, मी घेतलीच नाही. फोटोपुरती होती. ब्रेकचं पुढे काय केलं ते आम्हालाही सांगत नाहीत. तुम्ही घेऊ नका.”

काका मिश्कील हसले. “स्वतःची आली, आता शेजाऱ्याची नको होय? पार्किंगचं टेन्शन आलं वाटतं.”

अभिरामने जसजशा शपथा घेतल्या, तसतसा काकांचा संशय पक्का होत गेला. संध्याकाळी ते शोरूममध्ये पैसे भरून मोकळे झाले.

“बघ, आला की नाही विश्वास परत?” म्हणत मॅनेजरने अभिरामच्या तोंडात पेढा कोंबला. अभिराम तसाच बेसिनपाशी गेला, पेढा थुंकला आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिला.