तिसरी किल्ली

कुलूपवाल्या बाबांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. चाळीस वर्षं फोडलेली दारं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? शेजाऱ्याने तब्येत विचारली तरी ह्याला काय हवंय, हेच त्यांच्या मनात यायचं.

त्यांचा नेम मात्र पक्का. नव्या कुलपाची एक किल्ली बोलावणाऱ्याला, दुसरी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात. लपूनछपून तिसरी किल्ली त्यांनी उभ्या आयुष्यात बनवली नव्हती.

जावयाने बोलावलं तेव्हा लेक कामावर होती. झोपायच्या खोलीत उंच, अरुंद लोखंडी कपाट उभं होतं; त्यालाच नवं कुलूप बसवायचं होतं. बाबांनी न विचारताच आतलं फडकं उचललं. खाली काळी बंदूक, सैनिकांच्या खांद्यावर असते तसली.

"जावईबापू, लढाईला निघालात की काय?"

"परवाना आहे, बाबा. कायदा देतो."

"कायदा उद्या रणगाडा देईल, तोही आणा! एवढे चोर पाहिले, पण एकाला पळवायला तीस गोळ्या लागल्याचं ऐकलं नाही. माझ्या लेकीला ठाऊक आहे?"

"आहे." जावई कपाटाकडेच बघत होता. "दोन्ही किल्ल्या मला द्या. तिला नको."

बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बायकोच्या उशाशी बंदूक, आणि किल्ली ह्याच्या खिशात! लग्नाला नऊ वर्षं झाली, पण ह्या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता. असल्या गरीब गायींचीच त्यांना जास्त धास्ती वाटायची.

त्यांनी कुलूप बसवून मुकाट्याने दोन्ही किल्ल्या दिल्या. दुकानात येऊन लक्षात ठेवलेल्या खाचांवरून तिसरी घासली. आपण चोरांच्या पंगतीला जाऊन बसलो, असं वाटून त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लेकीच्या दवाखान्यात गेले. ती तिथे रुग्णांचे नंबर लावायची. दार आतून लावून ती निघायच्या तयारीत होती. दार उघडण्याआधी तिने दोनदा "कोण?" विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचं लक्षण मला ठीक दिसत नाही," बाबांनी किल्ली तिच्या हातात कोंबली. "ती बंदूक आधी घराबाहेर काढ."

लेक किल्लीकडे बघत राहिली. "बाबा, बंदूक माझी आहे."

"तुझी?" बाबांनी विचारलं.

"मागच्या वर्षी इथे दवाखान्यात ते दोघे चोर चाकू घेऊन घुसले, तेव्हापासून दार वाजलं की मला काही सुचत नाही. गेल्या आठवड्यात हे लवकर घरी आले. मी दारावर नेम धरून बसले होते. यांनी हाक मारली म्हणून वाचले."

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"लेकीची तक्रार बापाकडे कशी करू, म्हणाले."

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढे केला. "दे ती किल्ली इकडे."

"कुणावर विश्वास ठेवू नकोस, हे तुम्हीच शिकवलंत ना?" तिने मूठ मिटली, पर्स उचलली आणि ती निघून गेली.

बाबा भराभर दुकानाकडे निघाले. वाटेतच त्यांनी जावयाला फोन लावला. काय केलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "माझं चुकलं, बापू. नवं कुलूप घेऊन आत्ता येतो."



"मीही कामावरून निघतो, पण ती आपल्या आधी घरी पोचेल," जावई म्हणाला. "जिन्यातूनच हाक मारा, बाबा. मोठ्याने."