खोकं तेच ठेवलं

८ नोव्हेंबर. आज दुकानातला कॉम्प्युटर उघडायचा होता. जळोचीत घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. महिनाभर अर्ज अर्धा झाला की मशीन बंद पडायचं. बारामतीहून मेकॅनिक नवा मदरबोर्ड आणि रॅम घेऊन आला. जुन्यातलं काय ठेवायचं, एवढं ठरवणं बाकी होतं. माझं मत साधं: चालतंय ते ठेवायचं.

त्यानं पॉवर सप्लाय सोडवून टेबलावर उलटा धरला. आतून अक्षता पडल्या. पत्रा गंजलेला.

"ताई, ह्याच्यावर पाणी कुणी ओतलं?"

माझे सासरे, आबा, दाराशी खुर्चीत बसले होते. वरकुट्याची शेती धाकट्या दिरांकडे सोपवून ते आमच्याकडे आले, तेव्हा ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, सगळी अवजारं तिकडंच राहिली. खंडेनवमीला पुजायला त्यांच्या हाताशी हा कॉम्प्युटरच उरला. चार वर्षं ते त्याला हळदकुंकू लावत, अक्षता वाहत आणि ट्रॅक्टरच्या चाकाला घालतात तसं नारळाचं पाणी वरच्या जाळीवर घालत. बटण बंद आहे ना, एवढंच मी बघायची.

"मोटारीला चालतंय की पाणी," आबा म्हणाले.

"मोटार चारी बाजूंनी बंद असते, आबा. ह्याला वरून भोकं आहेत," मी म्हणाले.

"म्हंजी माझ्यामुळं बिघडलं व्हय?"

"निम्मं तुमच्यामुळं. निम्मं मी बघत उभी राहिले म्हणून."

मेकॅनिक म्हणाला, "हा पॉवर सप्लाय ठेवलात तर नवा बोर्डही जाळून टाकेल. बाहेरचं खोकंसुद्धा बदला ताई. आता काचेचं येतं, आत लाइट लागतात."

"लाइट? लगीन हाय का त्येचं?" आबा म्हणाले. मग हळूच, "आन् ह्ये भंगारात?"

काचेच्या खोक्याला ते कधी हात लावणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी पत्रा वाजवून पाहिला. जाड होता, गंज मागच्या एका कोपऱ्यात. नवा बोर्ड आत बसत होता. हार्ड डिस्क करकरत होती, तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून ती काढायला लावली.

"पॉवर सप्लाय नवा घाला. खोकं हेच. गंज तेवढा घासून द्या."

दुपारभर मशीन न थांबता चाललं. आबा मात्र खुर्ची उचलून मागच्या पडवीत गेले. चहाही तिकडंच मागितला.

९ नोव्हेंबर. आज सकाळी मी नारळ घेऊन पडवीत गेले. "नवं सामान बसवलंय. पूजा कोण करणार?"

"तूच कर. माझा हात पाण्याचा."

"पाणी पायरीवर. खोक्याला कोरडं कुंकू, तेही पुढूनच. चला, गिऱ्हाईक यायच्या आत."

ते उठले. अंगठ्यानं एकच टिकली लावली, खाली सांडलेलं कुंकू उपरण्यानं टिपलं आणि नारळ बाहेर पायरीवर फोडला. मी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्याचा अर्ज उघडला.