समन्सची वाट

माझ्या बापाने आयुष्यात एकच गुन्हा केला, आणि त्या गुन्ह्याच्या वेळी मी त्याच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर बसले होते.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी उरकून आबा मला सासरी पोचवायला निघाले होते. आमचं गाव बोदवडजवळ, माझं सासर शिंदखेड्याच्या बाजूला. जळगावला गाडी बदलायची आणि मधे बराच वेळ मोकळा. आबांना वाटलं, पोरगी मोकळ्या हाताने कशी पाठवायची, बाजारातून बांगड्या भरून आणू. स्टेशनसमोरच्या दुकानातून त्यांनी भाड्याची सायकल घेतली. मी म्हटलं, चालत जाऊ. ते म्हणाले, बस मागे, लहानपणी बसायचीस तशी. चौकात पोलिसाने शिट्टी मारली.

डबल सीट. त्या काळी हा गुन्हा होता आणि निम्मं जळगाव तो रोज करत होतं. दुसरा कोणी असता तर हसून, हातापाया पडून, पोलिसाला चहा पाजून सुटला असता. आबांना ते जमलं नाही. चावडीसमोरून जातानाही टोपी सारखी करणारा माणूस तो. पोलिसाने विचारलं तसं त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सगळं खरं सांगितलं. वर शेजारच्या गावाची खूणही सांगितली, म्हणजे शोधायला त्रास नको. पोलीस म्हणाला, "समन्स घरी येईल. घरी सापडायचं. नाही सापडलात तर वॉरंट निघेल." म्हणाला आणि दुसऱ्या सायकलवाल्याकडे वळला. माझी खात्री आहे, संध्याकाळपर्यंत तो आबांना विसरला असेल. आबा मात्र बांगड्यांच्या दुकानातही सारखे दाराकडे बघत होते.

मला सासरी सोडताना ते हळूच म्हणाले, "इथी कोनाले सांगू नको." मी मान हलवली. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

त्या दिवाळीत मायची तब्येत बरी नव्हती. पायांवर सूज असायची, चार पावलं चालली की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, हृदय कमजोर आहे, जपा. निघताना तिने माझ्या ओटीत तांदूळ घातले आणि म्हणाली, "आता आखाजीले ये. तंवर मी ठीक होते." आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, आखाजी चुकायची नाही. आणि लेक आपली आपण माहेरी जात नाही. तिला न्यायला माहेराहून माणूस यावा लागतो. भाऊ येतो, नाहीतर बाप. मला भाऊ नव्हता. चुलत्याच्या घराशी शेताच्या बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद होतं. म्हणजे येणार ते आबाच.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, नाहीतर माझ्यासारखेच तुम्हीही त्यांना शिव्या द्याल.

घरी गेल्यापासून आबा समन्सची वाट बघू लागले. गावच्या वेशीत खाकी कपडा दिसला की यांचा घास हातात राहायचा. तालुक्याला जाऊन त्यांनी एका वकिलाच्या कारकुनाला गाठलं. त्याने सांगितलं, "नाना, आता नवीन कायदा आलाय. नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर कोर्टाने सहा महिन्यांत दखल घ्यायची. त्यात घेतली नाही तर पुढे घेता येत नाही. सहा महिने काढा, मग कोणी तुम्हाला हात लावत नाही." कारकुनाने धीर द्यायला सांगितलं होतं. आबांनी त्याचा तुरुंगच करून घेतला. दिवाळीनंतरचे सहा महिने म्हणजे कधी? तर आखाजी झाल्यावर चार-पाच दिवसांनी.

आता त्यांचा हिशोब बघा. मला न्यायला ते सासरी आले, राहिले, आणि नेमकं त्याच दिवशी समन्स घेऊन पोलीस गावात आला तर? गावातले लोक सांगणार, लेकीकडे गेलाय. मग पोलीस शोधत शोधत व्याह्यांच्या दारात उभा राहणार. चार माणसांत आबांच्या हातात कागद देणार. सुनेच्या बापाच्या मागे पोलीस आले हे माझ्या सासरच्या गावात जन्मभर बोललं जाणार, आणि ते ऐकायचं कोणी, तर मी. म्हणून त्यांनी ठरवलं, मुदत संपेपर्यंत गाव सोडायचं नाही. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने लेकीला आणायची. मायला त्यांनी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं. ती आबांना आयुष्यभर बरंच म्हणत आली होती.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. संक्रांत गेली, होळी गेली. उन्हं तापली. एकदा आमच्याकडचा एक व्यापारी सासरच्या गावात कापूस बघायला आला, त्याच्याजवळ आबांनी निरोप धाडला होता, "जरा मागून येतो, काम हाये सांगजा." काम? पेरणीला अजून महिना होता. कसलं काम?

आखाजी जवळ आली तशा गल्लीतल्या सुना एकेक करून निघाल्या. कोणाचा भाऊ बैलगाडी घेऊन आला, कोणाचा बाप एसटीने. गावच्या लेकी सासरहून आल्या. माझी नणंद आली. निंबाला झोके बांधले गेले आणि पोरी गौराईची गाणी म्हणत झोक्यावर उंच उंच जाऊ लागल्या. मी खापरावर पुरणपोळ्या भाजत बसले. धुराने डोळे लाल झाले हे सांगायला बरं पडलं.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण जीभ तिखट. ओसरीवरून म्हणाल्या, "बठ्ठ्या गावन्या सुना ग्यात, आमनीच ऱ्हायनी. तुना बाप काय रस्ता चुकना का?" नवरा म्हणाला, मी पोचवून येतो. त्यावर सासूबाई म्हणाल्या, न्यायला माणूस आलं नाही तिथे सून आपण नेऊन टाकायची का? त्यांचंही चुकीचं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

आणि त्याच दिवसांत अख्खा खानदेश झाडाखाली बसून पत्ते कुटत होता. आखाजीचे पत्ते म्हणजे खुल्लमखुल्ला पैसे लावून. पोलीस पाटील स्वतः डाव मांडून बसलेला. खाकी कपडे घातलेला एक जण तिथेच उकिडवा बसून कोणाला तरी पान सुचवत होता. हे मी पाणी आणताना डोळ्यांनी पाहिलं. पुढे सगळं कळल्यावर मला तेच आठवलं. जुगार खेळणारे मजेत, आणि माझा बाप सायकलवर लेकीला बसवलं म्हणून घरात दडून. आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आखाजीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दाराकडे बघत राहिले. मग बघायचं सोडून दिलं. मला वाटलं, मायचं दुखणं वाढलं असेल. मग वाटलं, तसं असतं तर कळवलं असतं. मग वाटलं, मी त्यांना जड झाले. सगळ्यात सोपं तेच वाटून घेणं होतं, आणि ते मी वाटून घेतलं.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या गावचा एक माणूस आला. न्यायलाच आला होता. पण त्याच्या हातात फळांची टोपली नव्हती, आणि तो ओसरीवर न बसता अंगणातच उभा राहिला. सासूबाईंनीच माझं लुगडं पिशवीत घातलं.

मी पोचले तेव्हा माय गेलेली, तिला नेलेलीही. उन्हाळ्याचे दिवस, किती वेळ ठेवणार? घरात नुसत्या बायका बसलेल्या. शेजारच्या अक्का मला कवटाळून म्हणाल्या, "रोज म्हने तुही माय, पोरीले आना, पोरीले आना. आखाजीले तं भाकर बी नाही खाल्ली. दारातच बसून व्हती." म्हणजे आम्ही दोघीही त्या दिवशी दारातच बसून होतो. ती तिकडे, मी इकडे, आणि मधे तापीकाठची चार तासांची गाडी.

आबा कोपऱ्यात बसले होते. मुलगा नाही म्हणून अग्नी त्यांनीच दिला होता, डोकं भादरलेलं. त्यांनी मला सगळं सांगितलं, वर दिलंय ते, कारकून, मुदत, व्याह्यांचं दार. शेवटी म्हणाले, "तुले जलमभर ऐकनं पडलं असतं ना माय. मले वाटलं, चार दिवस तं ऱ्हायले."

मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दहावा झाला, तेरावा झाला. मी भाकरी करून वाढत होते, ते खाली मान घालून खात होते. याचं मला आजही वाईट वाटत नाही. माझी माय मला न बघता गेली होती, आणि दुसरं माझ्या हातात काय होतं? मायच्या दिवसांतच कधीतरी ती सहा महिन्यांची मुदत संपून गेली. समन्स आलंच नाही.

तेराव्यानंतर आबा मला पोचवायला निघाले. जळगावला गाडी बदलायची होती. ते स्टेशनात न थांबता चालू लागले. मी मागोमाग गेले. ते थेट कोर्टाच्या आवारात शिरले. शहाण्याने ती पायरी चढू नये म्हणतात, आणि हा माणूस तर जन्मभर तिच्या सावलीलाही भिऊन वागलेला. एका टेबलामागे कारकून बसला होता. आबांनी त्याला आपलं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सांगितलं, अगदी त्या चौकात सांगितलं तसंच, आणि म्हणाले, माझी केस आहे.

कारकून भला होता. त्याने दोन ठिकाणी पाहिलं, आत जाऊन विचारून आला. "बाबा, तुमच्या नावाची केसच नाही. असल्या सायकलच्या केसेस पुष्कळदा पोलीस पाठवतच नाहीत. आणि आता मुदतही गेली. पाठवली तरी कोर्ट घेणार नाही. सुटलात तुम्ही. जा, घरी पेढे वाटा."

आबा हलले नाहीत. भादरलेल्या डोक्यावर टोपी नीट बसत नव्हती, ती त्यांनी काढून हातात धरली.

"सायेब," ते म्हणाले, "काही तं दंड लावा."

"अहो, कशाबद्दल लावू? गुन्हाच उरला नाही."

"मंग मले दंड कोन करीन?"

कारकून माझ्याकडे बघू लागला, म्हातारा बरा आहे ना, अशा नजरेने. मागे उभी असलेली माणसं हसली. मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. या माणसाने माझी माय माझ्यापासून तोडली होती. आणि या माणसाएवढी माया माझ्यावर करणारं आता जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "चला. गाडी निघून जाईल."

माय गेल्यापासून मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द. आबांनी टोपी घातली आणि हाक मारल्यावर मूल निघतं तसे ते माझ्या मागे निघाले.