घुमटाखालचे हरी मिस्त्री

आज मी चालताफिरता आहे तो धसईच्या हरी मिस्त्रींमुळे. आधी त्यांचं नाव, मग बाकीचं.

मी मंगळवेढ्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि बांधकामांवर फिरत मुरबाडला आलो. सिद्धगडाच्या बाजूला एका गावात आम्ही देवळाचा विटांचा घुमट बांधत होतो. मिस्त्री मला ‘पावण्या’च म्हणत. विटांबद्दल मात्र घरच्यांसारखं बोलत. "ही भावकी हाय रे. एकमेकीला ढकलत बसल्यात, म्हनून कोनी खाली येत नाय."

घुमट वाळल्यावर आतल्या फळ्या उतरवायला मी परांचीवर अगदी वर गेलो. शेवटची फळी खाली दिली, तेवढ्यात मीही उतरलो असं समजून खालच्यांनी बांबू सोडले आणि अर्धी परांची कोसळली. परांचीच्या उरलेल्या एका डुलत्या फळीवर मी, हातात घंटेसाठी सोडलेली लोखंडी कडी.

खालून सगळे ओरडू लागले. घुमटात एकेक हाक दहा ठिकाणांहून यायची. कोण काय सांगतंय कळेना. माझा श्वाससुद्धा विटांवर आपटून माझ्याच तोंडावर येत होता. आईला कोण कळवेल, एवढंच मनात.

मिस्त्रींनी सगळ्यांना बाहेर काढलं. मग शेजारी बसल्यासारखे हळू बोलले, "पावण्या, कडी सोडू नको. मी बांधत येतोय."

दारातून बांबू घेत, गाठी मारत ते वर येऊ लागले. तोंड चालूच. "वारूळ बघितलंस ना? एवढ्या पावसात उभं ऱ्हातं. तिथं कुठं आपला ठेकेदार व्हता?" मला हसू आलं नाही. "कोंबडीचं अंडं मुठीत दाब, फुटत नाय. हा घुमट पन तसाच. घाबर, पन हलू नको."

बऱ्याच वेळाने त्यांचा हात माझ्या घोट्याला लागला.

फळ्या उतरल्या की बांधणाऱ्याने आधी घुमटाखाली बसून जेवायचं, मगच गावाने आत यायचं, हा त्यांचा नेम. त्या दुपारी ते आत बसले.

"ये रे."

"नाही येववत, मिस्त्री."

"मग दारातनं खा," म्हणत त्यांनी तांदळाची अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली.

आता त्यांचे गुडघे गेलेत, घरीच असतात. मी फोन केला की विचारतात, "तुज्या गावाकडनं विजापूर जवळ ना रे? गोलघुमट तेवढा बघायचा ऱ्हायला."

तिथे वरच्या सज्ज्यापर्यंत पायऱ्या पुष्कळ आहेत म्हणतात. घुमटाखाली मला अजून उभं राहवत नाही. पण मिस्त्रींना पाठीवर घेऊन एक दिवस मी त्या पायऱ्या चढणार आहे.