इंग्लंडचा जमीनदार आणि माझी सही

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून घरी आलो तेव्हा माझ्या खिशात कंपनीचा एक कागद होता, आणि त्यावर रविवारी सकाळी, सुट्टीनंतर ऑफिस उघडेपर्यंत, माझी सही हवी होती.

कागदावर लिहिलं होतं की बुधवारी दुपारी आमचे म्हातारे फिटर, चाचा, कुणाला न विचारता टाकीत उतरले आणि बेशुद्ध पडले. साफ खोटं. टाकीत उतरायच्या परमिटवर दोन चौकोन असतात: एक सकाळच्या गॅस-तपासणीचा, दुसरा जेवणानंतरच्या तपासणीचा. सौदीतल्या या जुबैलच्या उन्हात मीटर घेऊन दुपारी पुन्हा कोण तडफडणार, म्हणून आम्ही परमिट भरणारे दोन्ही आकडे सकाळीच लिहून मोकळे व्हायचो. सगळेच व्हायचे. त्या दिवशीचे आकडे माझ्या हातचे होते. चाचांनी ते वाचले आणि विश्वासाने आत उतरले; तोवर टाकीत गॅस साचला होता. जीव वाचला, ही अल्लाची मेहेरबानी. मी सही केली तर इस्पितळातून उठल्यावर चाचांची रवानगी श्रीवर्धनला. नाही केली तर माझी, म्हणजे बायको, मुलगी, तिची नववी, सगळ्या बिऱ्हाडाची.

"अब्बा, सुनो ना." मुलगी पुढ्यात येऊन उभी राहिली. रविवारी शाळेत तिचं भाषण होतं, सतराव्या शतकातल्या एका इंग्रज जमीनदारावर. तो पार्लमेंटचा सभासदही होता. ती इंग्रजीत घडाघडा बोलायला लागली. मी आधी नुसताच तिच्याकडे बघत होतो.

त्याची हवेली, त्याची मेंढरं, हौसेने पाळलेली हरणं. भर पार्लमेंटात तो म्हणाला होता की कारण न सांगता राजालाही कुणाला कोठडीत टाकता येणार नाही, आणि त्यापायी स्वतःच कोठडीत गेला. इथवर मला गडी आवडला. आमच्याकडचा एकही खोत एवढा ताठ नव्हता.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली. यावेळी त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने मिळून गुपचूप राजाला घोडे पुरवले. पार्लमेंट जिंकलं. चौकशीवाले दारात आले, घोडे कुणी दिले? त्याने लिहून दिलं, शेजाऱ्याने. शेजाऱ्याची जमीन गेली, याची राहिली. पुढे पुन्हा निवडून आला आणि म्हातारा होऊन आपल्या पलंगावर मेला. भाषणाचा शेवट होता, 'तो शहाणा होता, त्याने आपलं घर वाचवलं.'

"आणि शेजाऱ्याचं काय झालं?" मी विचारलं.

"किताब में नहीं है, अब्बा."

"नाही म्हणजे काय? शोध की मग!" माझा आवाज एवढा चढला की बायको आतून धावत आली. पोरीचे डोळे भरले. मला लाज वाटली. तिच्यावर कशाला रागावेन? राग त्या जमीनदाराचा आला होता, आणि त्याहून जास्त, तो मला पटत होता याचा.

बायकोला कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचून घडी घातली.

"काय करू?" मी म्हटलं.

"मला कशाला विचारता? माझ्याकडून हो म्हणवून घ्यायचंय तुम्हाला."

खरंच होतं ते.

रविवारी ऑफिसात मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं की दुपारचा आकडा मी तपासणी न करता सकाळीच भरला होता. खाली सही केली. साहेब वाचून हळूच म्हणाला, "सोच लो. अभी फाड़ सकते हो." खोटं कशाला बोलू, फाडायचाच होता मला. मी दोन्ही हात खिशात घातले. त्याने थोडी वाट पाहिली. "खलास," म्हणाला आणि कागद फाईलला लावला.

संध्याकाळी मुलगी पहिलं बक्षीस घेऊन आली. तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल, शाळा सुटेल, तेही सांगितलं.

"आप साइन कर देते तो?"

"तर चाचांना इथून घरी पाठवलं असतं."

ती उठून उभी राहिली. "उस आदमी ने तो अपना घर बचाया था, अब्बा."

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो मागे घेतला.